तिऱ्हाईत

मामीची सुई-दोऱ्याची एक डबी आहे. ताडाच्या पानाच्या पट्ट्या विणून केलेली, झाकणासकट, तळहातावर मावेल एवढी. पट्ट्यांना कधीकाळी लाल-हिरवा रंग असावा. आता झाकणाच्या आतल्या कडेला तेवढा हिरवा उरलाय. झाकण सैल झालंय म्हणून मामीनं वरून रबर लावलंय. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत गडहिंग्लज तालुक्यातल्या आजोळी गेले की मी हळूच ती डबी उघडून नाकाला लावायची. सुया, बटणं, हुकं आणि त्या सगळ्यांच्या खालून येणारा गुळाचा वास. सुई-दोऱ्याच्या डबीला गुळाचा वास का, हे कुणाला विचारावंसं कधी वाटलं नाही. गुऱ्हाळांच्या मुलखात गुळाचा वास कशालाही येतो.

त्या वासाचा उलगडा झाला २०२५ च्या दिवाळीनंतर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामा आमच्याकडे राजारामपुरीत येऊन राहिला होता. डॉक्टरांनी टीव्ही बघायचा नाही म्हणून बजावलेलं, म्हणून तो खुर्चीत मागं रेलून, डोळे मिटून बातम्या ऐकायचा. त्या संध्याकाळी सुदानची बातमी चालली होती. अल फाशेर शहर पडलं होतं. दीड वर्षाच्या वेढ्यानंतर, तिथल्या सैन्याशी लढणाऱ्या आरएसएफ या निमलष्करी दलानं ते घेतलं होतं, आणि तिथून जीव घेऊन पळालेली माणसं मागं काय घडलं ते सांगत होती. एक बाई बोलता बोलता मधेच थांबली आणि पुढं बोललीच नाही. कॅमेरा तिच्यावर तसाच राहिला.

माझा मुलगा बारावीला आहे. त्या वयात अन्याय दिसला की त्यावरचा उपायही लगेच दिसतो. तो चिडून म्हणाला, "आई, जगात एवढी मोठमोठी सैन्यं आहेत. कुणी जाऊन हे थांबवत का नाही?"

मी काही बोलणार तेवढ्यात मामा डोळे न उघडता म्हणाला, "आमी गेल्तो की थांबवायला."

फौजेत असताना मामा श्रीलंकेत होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजी म्हणायची, "माझं लेकरू लंकेत हाय," आणि आम्हा पोरांच्या डोळ्यांपुढं रावणाची लंका यायची. पण तिथली गोष्ट त्यानं कधी सांगितली नव्हती. त्याच्या गोष्टी बेळगावच्या ट्रेनिंगच्या, नाहीतर सिक्कीमच्या थंडीच्या. मधली दोन वर्षं जणू कुणी वहीतून फाडून ठेवली होती. त्या रात्री, पट्टी नुकतीच निघालेल्या डोळ्यावर काळा चष्मा चढवून बसलेला माझा मामा पहिल्यांदा त्या पानांवर आला. मी टीव्ही बंद केला.

ऑगस्ट १९८७ मध्ये त्यांचं विमान जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरलं. "उतरलो तवा बायकांनी ओवाळलं बघ. गळ्यात हार घातलं. पोरं गाडीमागनं पळत हुती. वाटलं, चांगल्या कामाला आलोय." काम त्यांना असं सांगितलं होतं की दोघांच्या मध्ये उभं राहायचं. टायगर, म्हणजे तिथले तमिळ बंडखोर, हत्यारं खाली ठेवणार, श्रीलंकेची फौज बराकीत परतणार आणि आपण मधे.

त्यांची चौकी एका वस्तीला लागून होती. त्या भागात नदी नाही, सगळा कारभार विहिरींवर. चौकीच्या समोरच्या घराला विहीर होती आणि त्या घरात एक बाई होती, "आमच्या आयेएवढी." मामाला तमिळ येत नव्हतं, तिला दुसरं काही येत नव्हतं. "एक शब्द शिकलो हुतो, तण्णी. म्हंजे पानी. तण्णी अम्मा म्हटलं की ती हिरीतनं ताजं काडून द्यायची. सकाळी भरून ठेवल्यालं द्यायची न्हाई कदी." एकदा तिनं पाण्याबरोबर ताडाचा गूळ दिला. तिकडं तो गूळ ताडाच्याच पानाच्या डबीत भरून ठेवतात. मामानं खुणेनं सांगितलं, आमच्याकडंपण गूळ होतो, उसाचा. तिला काय कळलं कुणास ठाऊक. ती हसली आणि आतून रंगीत झाकणाची एक डबी भरून घेऊन आली.

तर ती ही डबी.

त्यानंतर ऑक्टोबर आला. ऑक्टोबरबद्दल बोलताना मामाचा आवाज बदलला नाही, फक्त वाक्यं तुटत गेली. ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याशीच लढाई सुरू झाली होती. सकाळी वस्तीला वेढा घालायचा, पुरुषमाणसं मैदानात बसवायची. तोंडावर पोतं घातलेला एक खबऱ्या गाडीत असायचा. डोळ्यांना दोन भोकं. तो ज्याच्याकडं बघून मान हलवील त्याला उचलायचं. एका सकाळी त्यानं त्या विहिरीच्या घरातल्या पोराकडं बघून मान हलवली.

"केवढा हुता?" माझ्या मुलानं विचारलं. मामानं चष्म्याआडून त्याच्याकडं पाहिलं. "तुझ्याएवढा."

घराची झडती घ्यायला ज्यांना आत पाठवलं त्यांत मामा होता. बाई दारात उभी होती. तिनं त्याला ओळखलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, पाया पडली नाही. बाजूला सरली आणि आत जाऊ दिलं.

"मग? त्या पोराचं काय झालं?"

"आमचं काम वस्तीतनं काडून गाडीत बशिवण्यापत्तूर. फुडचं दुसऱ्याकडं." थोडा वेळ गेला. "त्यानंतर म्हैनाभर आमी तितंच हुतो. पानी टँकरचं आनायचो. तिच्या हिरीवर गेलो न्हाई कोन."

मी बावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवते आहे. आमच्या पुस्तकांत या मोहिमेला दोन-चार ओळीसुद्धा मिळत नाहीत. त्या रात्रीनंतर मी वाचायला बसले. जे सापडलं त्यातलं थोडं इथं मांडते, कारण सुदानबद्दल माझ्या मुलाला काय उत्तर द्यायचं ते मला त्याशिवाय ठरवता येत नाही.

पहिली गोष्ट अशी की आपण १९८७ मध्ये तिथं गेलो असं म्हणणं खरं नाही. कोलंबोत जुलै १९८३ मध्ये तमिळांच्या कत्तली झाल्या आणि त्यानंतर तमिळ बंडखोर गटांना भारताच्या गुप्तहेर खात्यानं प्रशिक्षण दिलं, हत्यारं दिली. टायगरही त्यात होते. जून १९८७ मध्ये श्रीलंकेच्या फौजेनं जाफन्याची कोंडी केली तेव्हा आपल्या हवाई दलाच्या विमानांनी वरून २५ टन मदतसामग्री टाकली. मग २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आणि सैन्य पोहोचलं. मामा विमानातून उतरला तेव्हा आपली बंदूक त्या भांडणात चार वर्षं आधीच जाऊन बसलेली होती. सैन्य सगळ्यात शेवटी पोहोचतं. बंदुका आणि पैसा आधी पोहोचतात, आणि तेव्हा कुणी बातमी करत नाही.

दुसरी गोष्ट, करार झाला तो दोन सरकारांत. ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्या टायगरांची त्यावर सही नव्हती. सिंहली लोकांनाही परकी फौज नको होती. कराराच्या दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता मारला, ते सगळ्या जगानं पाहिलं. टायगरांनी थोडी हत्यारं दिली, बरीच ठेवली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलानं पकडलेल्या टायगरांपैकी बारा जणांनी कोलंबोला नेलं जाऊ नये म्हणून पलालीच्या तळावरच सायनाईड खाल्लं, आणि जे काही थोडं सांधलेलं होतं ते तुटलं. १० ऑक्टोबरला टायगरांविरुद्ध आपल्या सैन्याचं 'ऑपरेशन पवन' सुरू झालं. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या शीख लाईट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी एकच जिवंत राहिला. त्याच महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या हातून डॉक्टर, परिचारिका, रुग्ण असे साठ-सत्तर लोक मारले गेले. हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळतोय. पण बाराशेच्या आसपास आपले जवान तिथं कामी आले त्यांच्याबद्दल मान तुकवायची आणि त्या रुग्णालयाबद्दल गप्प बसायचं, हे मला इतिहासाची शिक्षक म्हणून जमणार नाही. माझ्या मामाला ते जास्त ठाऊक आहे. त्यानं विहिरीचं सांगितलं. जे सांगितलं नाही त्याबद्दल मी विचारलं नाही.

आणि शेवट तर असा झाला की १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी भारतीय फौजेला निघून जायला सांगितलं आणि त्याच वेळी आपल्या फौजेशी लढायला टायगरांना हत्यारं पुरवली. ज्या सरकारनं बोलावलं होतं त्याच सरकारनं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी मारले गेले. ज्यांच्यामधलं भांडण सोडवायला गेलो त्यांचं युद्ध त्यानंतर आणखी १८ वर्षं चाललं.

आमच्याकडं बांधावरून भांडण लागलं की पंच बोलावतात. पंचाचा मान केव्हा, तर दोन्ही भावांनी त्याचं ऐकायचं आधी कबूल केलेलं असतं, त्याचं स्वतःचं शेत त्या बांधाला लागून नसतं, आणि दिवस मावळायच्या आत चहा पिऊन तो आपल्या घरी जातो. यातलं एक जरी नसलं तरी तो पंच उरत नाही, भांडणातला तिसरा होतो. आपण लंकेत पंच म्हणून गेलो आणि महिन्या-दोन महिन्यांत तिसरे झालो. मामाला पाण्याचा तांब्या बंद झाला तो त्या दिवशी.

हे आपल्याला नवं नाही, हे मला जास्त टोचतं. गृहयुद्धाला मराठीत यादवी म्हणतात, आणि कोल्हापूरची गादी यादवीतूनच उभी राहिली. औरंगजेब गेल्यावर १७०७ मध्ये मोगलांनी शाहू महाराजांना सोडलं, त्यात मराठ्यांच्या घरात भांडण लागावं हा हिशोब होताच. ताराबाईंनी पन्हाळ्यावरून वेगळा कारभार सुरू केला. पुढं कोल्हापूरच्या गादीवर संभाजी महाराज आले आणि शाहूंशी त्यांचा वाद चालू राहिला. तेव्हा निजामानं काय केलं पाहा. दख्खनच्या चौथाईचा पैसा त्यानं अडवला आणि म्हणाला, छत्रपती दोन आहेत, पैसा नेमका कुणाला द्यायचा ते आधी ठरू दे. दोघांनी आपापले पुरावे घेऊन यावं, मी निवाडा करतो. किती सभ्य शब्द! लवकरच तो निवाडा करणारा आपली फौज घेऊन, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांना बरोबर घेऊन पुण्यापर्यंत आला होता. पहिल्या बाजीरावानं त्याला फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला कोंडलं आणि मुंगी-शेवगावच्या तहात त्याला संभाजींची बाजू सोडावी लागली. त्यानंतर तीन वर्षांनी, कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघे चुलतभाऊ भेटले, आणि एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेला कोल्हापूर, उत्तरेला सातारा. पुण्याला जाताना किणीचा टोलनाका मागं टाकला की थोड्या वेळानं वारणेचा पूल लागतो. खाली उसाच्या मळ्यांतून नदी शांत चाललेली असते. दरवेळी मी मुलांना सांगते, इथं दोन घरं वेगळी झाली आणि युद्ध थांबलं. तह बरोबरीचा होता असं मी म्हणत नाही, शाहूंचं पारडं जड होतंच. पण तिऱ्हाईत बाजूला झाल्यावरच दोघे समोरासमोर बसू शकले.

उलटा धडाही आपल्याच घरात आहे. यशवंतराव होळकरांनी १८०२ मध्ये पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरा बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला त्यानं इंग्रजांशी तह केला. भावकीच्या भांडणात मदतीला इंग्रजांचे सहा हजार शिपाई, आणि त्यांच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख. शिपाई आले, बाजीराव पुन्हा गादीवर बसला. १८१८ मध्ये गादीच उरली नाही. परीक्षेत चार गुणांना येणारा हा तह शिकवताना मी मुलांना नेहमी विचारते, बाजीरावानं हाक मारली म्हणून इंग्रज आले, यात इंग्रजांचा काय दोष? वर्ग गप्प होतो. मग एखादी मुलगी म्हणते, बाई, ते परत गेले नाहीत ना.

तिचं ते वाक्य मी १९७१ ला लावून पाहिलं. कारण '७१ आठवल्याशिवाय आपल्या देशात हा विषय पुढं जात नाही, आणि जाऊही नये. पूर्व पाकिस्तानात घडत होतं तेही कायद्याच्या भाषेत दुसऱ्या देशाचं गृहयुद्धच होतं. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला अख्ख्या पाकिस्तानात बहुमत मिळालं, सत्ता मिळाली नाही, आणि मार्चमध्ये ढाक्यात लष्करानं कत्तल सुरू केली. एक कोटीच्या आसपास माणसं सीमा ओलांडून आपल्याकडं आली. आपण तिथंही मुक्तिवाहिनीला आधी हत्यारं दिली होती, हे विसरायचं नाही. ३ डिसेंबरला पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ देशांनी युद्ध थांबवा, सैन्य मागं घ्या असं मत दिलं. आपल्या बाजूनं, म्हणजे विरोधात, होते फक्त ११. जगाच्या मताप्रमाणे आपण चुकत होतो. तरी माझं मत ठाम आहे की आपण बरोबर होतो.

त्या लढाईत मराठा लाईट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, जंगी पलटण, जमालपूरला होती. वेढ्यात अडकलेल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. उत्तराच्या चिठ्ठीत त्यानं बंदुकीची एक गोळी गुंडाळून पाठवली. दोनच दिवसांत जमालपूर पडलं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून परत आलं. मला वाटतं, त्या युद्धातला हा सगळ्यात मोठा पराक्रम आहे, आणि त्याचं एकही स्मारक माझ्या पाहण्यात नाही. जिंकलेल्या देशातून तीन महिन्यांत निघून येणं. लोकांनी मतपेटीतून आपला कौल आधीच दिला होता, त्यांचा राजा आपल्याला निवडायचा नव्हता. काम एका ओळीत सांगता येत होतं. १९८७ चं काम एका ओळीत सांगून पाहा. हत्यारं काढून घ्यायची, पण कुणाची आणि किती? तमिळांना हक्क द्यायचे, पण ते कोलंबोनं द्यायचे. देश एक ठेवायचा, तो दुसऱ्याचा. मामाच्या पलटणीनं जीव तोडून लढाई केली, आणि लढाई कशी जिंकायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथपर्यंत आले की कुणालाही वाटेल, मग जाऊच नये. मलाही तसं वाटलं होतं, आणि मग दारावरून ऊसतोडीची टोळी गेली.

हंगाम नुकताच सुरू झाला होता. ट्रॅक्टरच्या मोकळ्या ट्रॉलीत बायका-पोरं, पातेली, आणि ताडपत्रीखालून बाहेर आलेले कोयते. कोयत्याचं पातं वापरून वापरून मधे पातळ झालेलं असतं, मूठ घामानं काळी पडलेली. कष्टाचं हत्यार. आणि मला १९९४ चं रवांडा आठवलं, कारण तिथं तीन महिन्यांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली आणि त्यातली कितीतरी अशाच शेतातल्या पात्यांनी. रेडिओवरून मारायच्या माणसांची नावं सांगितली जात होती. संयुक्त राष्ट्रांची अडीच हजारांची फौज तिथं आधीपासून होती. ७ एप्रिलला तिच्यातले दहा बेल्जियन सैनिक मारले गेले. फौजेचा प्रमुख, कॅनडाचा दालेर, आणखी माणसं मागत होता. सुरक्षा परिषदेनं २१ एप्रिलला उलट फौज २७० वर आणायचं ठरवलं. तिथं राजा बदलायचा नव्हता, देश घडवायचा नव्हता. कोयता आणि माणूस यांच्यामध्ये काही काळ उभं राहायचं होतं. बोस्नियात स्रेब्रेनित्सा या गावाला आधीच 'सुरक्षित क्षेत्र' असं नाव देऊन तिथं संयुक्त राष्ट्रांचे डच सैनिक ठेवले होते, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या देखत आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे वेगळे काढून नेले गेले आणि मारले गेले. मामा ज्या मैदानाबद्दल सांगत होता त्यापेक्षा ते कितीतरी भयंकर मैदान. सैन्य होतं, पण लढायची आज्ञा आणि बळ नव्हतं. जाणं आणि न जाणं यांच्या मधली ही तिसरी जागा मला सगळ्यात वाईट वाटते, कारण लोक त्या निळ्या टोप्यांवर विसंबून पळून गेलेले नसतात.

म्हणून "परक्याच्या भांडणात पडू नये" हे वाक्य मला आता निर्धास्तपणे म्हणता येत नाही. आणि "आपण जाऊन थांबवू" हे त्याहून म्हणता येत नाही. लिबियात सुरक्षा परिषदेच्या १७ मार्च २०११ च्या ठरावानं नागरिकांना वाचवण्यासाठी बळ वापरायची परवानगी दिली. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. बेनगाझीवर चालून आलेल्या फौजेला रोखलं गेलं, ते योग्यच होतं. पण नाटोची विमानं तिथं थांबली नाहीत, ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारला जाईपर्यंत उडत राहिली. मागं राहिलेल्या देशात तीन वर्षांनी पुन्हा यादवी पेटली. आणि सीरियात माणसं मरत होती तेव्हा रशिया आणि चीननं नकाराधिकार वापरताना याच लिबियाकडं बोट दाखवलं. नागरिकांना वाचवतो म्हणून गेलेल्यानं वाटेत काम बदललं, की पुढच्या खऱ्या हाकेला कुणी विश्वासानं ओ देत नाही.

माझ्या मुलाला मी जे सांगितलं ते असं. कत्तल चालू असेल, ज्यांच्यावर कोयता उगारलाय तेच हाक मारत असतील, आणि करायचं काम मामासारख्या शिपायाला एका ओळीत सांगता येत असेल, तर जावं. पुरेसं बळ घेऊन जावं आणि निघायचा दिवस ठरवून जावं. दुसऱ्याच्या घरात कारभारी कोण हे ठरवायला कधीच जाऊ नये. पण त्याच्याही आधीचं एक काम असतं आणि ते कुणी करत नाही. अल फाशेर ज्या भागात आहे त्या दारफुरमध्ये हत्यारं न्यायला संयुक्त राष्ट्रांची २००४ पासून बंदी आहे. तरी आज तिथं ड्रोन उडतात. संयुक्त अरब अमिराती आरएसएफला हत्यारं पुरवते असा आरोप आहे, तिनं तो फेटाळलाय. इजिप्त सुदानच्या सैन्याच्या पाठीशी आहे. एप्रिल २०२३ पासून एक कोटीहून जास्त माणसं घरं सोडून निघालीत. तिऱ्हाईत तिथं कधीच पोहोचलाय. सैन्य पाठवून थांबवा म्हणण्याच्या आधी, जे पाठवताय ते थांबवा, एवढं तरी जगानं म्हणावं. त्यासाठी एकाही शिपायाला विमानात बसावं लागत नाही.

आणि येणाऱ्याला जागा द्यावी. आमच्या कोल्हापूरला हे नवीन नाही. शहराला लागून वळिवडे आहे. तिथं १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सप्टेंबर १९३९ मध्ये एका बाजूनं जर्मनी आणि दुसऱ्या बाजूनं सोव्हिएत फौज पोलंडमध्ये घुसली होती. आपले युक्रेनी आणि बेलारूसी बांधव संकटात आहेत, त्यांच्या रक्षणाला येतो आहोत, असं मॉस्कोनं तेव्हा जाहीर केलं होतं. त्या 'रक्षणा'नंतर लाखो लोक सैबेरियाकडं धाडले गेले, आणि त्यातून सुटलेले काही इराणमार्गे पंचगंगेच्या काठी आले. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर उभं राहिलं. आज आमची सगळी लग्नाची खरेदी तिथं होते. महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे, संध्याकाळी त्याच्या भोवती पोरं खेळत असतात. आज सुदानची लाखो माणसं चाडनं घेतलीत, जो स्वतः जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी आहे.

मुलानं हे सगळं ऐकून घेतलं. पटलं की नाही ते बोलला नाही. उठून तो मामाशेजारी जाऊन बसला आणि मोबाईलवर जाफन्याचा नकाशा काढला, वरून घेतलेला, फोटोसारखा. "मामाआजोबा, गाव कुठलं होतं तुमचं? चौकी?"

मामानं चष्मा काढला. मी डॉक्टरांची आठवण करून दिली, त्यानं ऐकलं नाही. दोन बोटांनी चित्र मोठं करायला त्याला मुलानं शिकवलं. लाल माती, कौलारू घरं, प्रत्येक घराला झाडांचं कुंपण, आणि वरून चांदण्यांसारखी दिसणारी ताडाची झाडं. जवळजवळ प्रत्येक परसात एक गोल काळा ठिपका. विहिरी. "हे न्हवं," मामा म्हणत होता. "जरा फुडं घे. हितं वळान हुतं. न्हाई, हेबी न्हवं." बराच वेळ दोघं त्या ठिपक्यांवरून फिरत राहिले. एकदा बोट जास्त सरकलं आणि पडद्यावर नुसता समुद्र आला.

"आता तितं जाता येतंय काय गा?"

"येतं की," मुलगा म्हणाला. त्यानं तिथल्या तिथं शोधलं. "चेन्नईहून विमान आहे. जाफना आंतरराष्ट्रीय विमानतळ. पलाली."

"पलालीलाच उतरतंय?"

"हो. तेच."

मामानं डोळे पुसले, ऑपरेशनचा सांभाळून, दुसरा आधी. मग म्हणाला, "पासपोर्ट लागंल न्हवं?"

"लागेल ना."

"तवा लागला न्हवता," मामा म्हणाला.